आवाज न चढवता

अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये सगळे तिला ताई म्हणत, आणि ती खोलीबाहेर गेली की फ्रीज. हे दुसरं नाव ड्रायव्हर लोकांनी ठेवलं होतं. फोनवरचा माणूस रडो, शिव्या देवो, नाहीतर त्याच्या तोंडातून शब्दच न फुटो, ताईचा आवाज एका पट्टीत चालायचा. "मी ऐकतेय. आधी पत्ता सांगा. आता त्यांची छाती वरखाली होतेय का ते बघा." एकदा एका बाईचं बाळंतपण तिने फोनवरूनच पार पाडलं आणि नंतर शांतपणे डबा उघडून जेवायला बसली. त्या दिवसापासून फ्रीज.

तिच्या आधी त्या खोलीचा प्रमुख जो होता, त्याला भोंगा म्हणत. तो सकाळी जिना चढायला लागला की वर खुर्च्या सरळ व्हायच्या. कुणाची चूक सापडली की तो त्या माणसाला उभा करायचा आणि त्याच्या बापापासून सुरुवात करायचा. त्यामुळे त्याच्या काळात चुका कमी झाल्या असं नाही, फक्त त्या सापडेनाशा झाल्या. ज्याच्या त्याच्या हाती एकच कला आली, आपलं लोढणं शेजाऱ्याच्या गळ्यात अडकवायची. भोंगा निवृत्त झाला, ताई त्याच्या खुर्चीत बसली, आणि तिने मनाशी गाठ मारली की या खोलीत यापुढे कुणी कुणावर खेकसणार नाही. गाठ चांगली होती. पण ती इतकी घट्ट बसली की ताईच्या तोंडून खेकसणं तर सोडाच, साधं "हे चुकलं" एवढंही बाहेर पडेना.

हे सगळ्यात जास्त ज्याच्या पथ्यावर पडलं, तो फोन घेणारा एक जुना माणूस. त्याला रेडिओ म्हणत.

रेडिओचा आवाज असा होता की घाबरलेला माणूस त्याचं "बोला" ऐकूनच अर्धा सावरायचा. ताई नवी आली तेव्हा फोन कसा घ्यायचा, एका कानाने माणूस आणि दुसऱ्या कानाने ड्रायव्हर कसा ऐकायचा, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. वयाने थोडा लहान, म्हणून तो तिला ताई म्हणायचा आणि ती त्याला अरे-तुरे करायची. पण गेले काही महिने रेडिओचं लक्ष उडालं होतं. संध्याकाळी तो समारंभांत, खेळांच्या मैदानांवर माइक घेऊन निवेदन करायला लागला होता. तिथे टाळ्या पडायच्या. सकाळी मात्र तो उशिरा, सुजलेल्या डोळ्यांनी यायचा आणि फोन घाईत उरकायचा.

त्या खोलीचा एक नियम होता. माणसाने पत्ता सांगितला की तो त्याला परत म्हणून दाखवायचा, आणि तिकडून "हो" आल्याशिवाय गाडी सोडायची नाही. रेडिओने तो नियम गुंडाळून ठेवला होता. ताईला ते दिसत होतं. ती काय करायची, तर त्याच्या मागोमाग गुपचूप दुसरा फोन लावून पत्ता पक्का करून घ्यायची, ड्रायव्हरला स्वतः सांगायची, आणि वरून रेडिओला हसून विचारायची, "चहा घेतलास का?"

एका मंगळवारी सकाळी ताई दुसऱ्या फोनवर अडकलेली असताना एका सुनेचा फोन आला. सासू बोलता बोलता कलंडली होती, तोंड वाकडं झालं होतं. सून म्हणाली, जुन्या पाण्याच्या टाकीमागे, लोखंडी जिन्याचं घर. रेडिओ म्हणाला, "हो हो, टाकी, कळलं, गाडी निघाली." गाडी निघाली खरी, पण नव्या टाकीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे लोखंडी जिना शोधत ड्रायव्हरने तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. चूक कळून गाडी जुन्या टाकीपाशी पोचली तेव्हा शेजाऱ्यांनी म्हातारीला भाजीच्या टेम्पोतून नेलं होतं. ती वाचली. पण उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर कदाचित.

दुपारी मोठ्या साहेबांचा फोन आला. शहरातली सगळी अँब्युलन्स सेवा त्यांच्या हाताखाली होती.

"उद्या सकाळी मी येतोय. रात्रपाळीच्या लोकांना थांबवून ठेवा, सकाळचेही असू देत. सगळ्यांसमोर सोलतो त्याला. एकाला सोललं की बाकीचे आपोआप सरळ होतात."

"साहेब, आधी मी बोलते त्याच्याशी."

"तुम्ही बोलत असता तर ही वेळ आली असती का?"

फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ त्या वाक्यापाशीच उभी राहिली. दुसरं काही बोलले असते तर तिने सोडून दिलं असतं. हे खरं होतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचे वडील, अण्णा, स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून वाटाणे सोलत बसले होते. अण्णांनी कापड रंगवायच्या कारखान्यात उभी हयात घालवली होती. ताई लहान असताना एकदा त्यांचा डबा द्यायला गेली होती आणि फाटकाशी तिने पाहिलं होतं, की एक तरणा साहेब शंभर माणसांसमोर अण्णांना वाटेल ते बोलतोय आणि अण्णा जमिनीकडे बघतायत. ते दोघं त्याबद्दल कधी बोलले नव्हते. त्या संध्याकाळी अण्णांनी घरी येऊन क्षुल्लक कारणावरून तिच्या भावाला बडवलं होतं, तेही ती विसरली नव्हती. आवाज न चढवायची तिची गाठ मुळात तिथली.

आज तिने सगळं सांगितलं. टाकी, म्हातारी, उद्या येणारे साहेब. मग तो फाटकाजवळचा दिवसही काढला. "तुमच्यासारखं रेडिओचं होऊ नये म्हणून मी कधी बोलले नाही," ती म्हणाली.

अण्णांचे हात थांबले नाहीत. "तो ओरडला ते मी दोन महिन्यांत विसरलो," ते म्हणाले. "बोंबलणाऱ्याचं काय मनावर घ्यायचं. मला राग याचा आहे, की माझं नक्की काय चुकलं ते त्याने शेवटपर्यंत सांगितलंच नाही. नालायक म्हणाला. आता नालायक ही काय दुरुस्त करायची गोष्ट आहे? रंग फिका आला, पाणी जास्त तापलं, काहीतरी सांग की. मी निवृत्त होईपर्यंत विचार करत होतो."

मग टरफलं गोळा करत म्हणाले, "आणि तू तरी रेडिओला कुठे सांगितलंस? माझ्या साहेबाने ओरडूनही सांगितलं नाही, तू गप्प बसून सांगितलं नाहीस. ज्याला कळायला हवं, तो दोन्हीकडे कोराच."

ताईला ते झोंबलं. ती उठून भांडी विसळायला लागली. मग ओल्या हातांनीच रेडिओला फोन लावला आणि सकाळी पाळीच्या आधी यायला सांगितलं. कशासाठी, हेही सांगितलं. नुसतं "ये, बोलायचंय" म्हणून रात्रभर माणसाला तळत ठेवणं तिला बरं वाटेना.

कंट्रोल रूमच्या मागे एक अडगळीची खोली होती. मोडके हेडफोन, जुन्या वायरींची भेंडोळी, दोन स्टुलं. दार लागत होतं, एवढाच तिचा गुण. रेडिओ आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणजे लढायच्या तयारीने.

"त्या बाईने नीट सांगितलं नाही, ताई," तो बसायच्या आधीच म्हणाला. "नुसती टाकी टाकी करत होती. घाबरलेली माणसं कशी बोलतात तुला माहीत आहे."

"बस," ताई म्हणाली. तिच्या पोटात ढवळत होतं. फोनवर कुणाचं हृदय बंद पडत असताना तिला असं कधी झालं नव्हतं. "आपण दोघं मिळून ऐकू."

तिने रेकॉर्डिंग लावलं. सुनेचा आवाज थरथरत होता पण शब्द लख्ख होते. जुन्या पाण्याच्या टाकीमागे. जुन्या. मग रेडिओचा तो मधाळ, सुंदर आवाज. हो हो, टाकी, कळलं. ताईने बटण बंद केलं. रेडिओ वायरींच्या भेंडोळ्याकडे बघत राहिला.

"पत्ता परत म्हणून दाखवायचा होता, तो दाखवला नाहीस. एवढंच चुकलं, आणि त्यामुळे गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली," ती म्हणाली. "हे पहिल्यांदा झालेलं नाही. गेल्या महिन्यात शाळेजवळचा अपघात, त्याच्या आधी तो जिन्यावरून पडलेला माणूस. दोन्ही वेळा मी मागून फोन करून सावरलं. तुला सांगितलं नाही. ती माझी चूक, आणि ती मी साहेबांनाही सांगणार आहे. पण पत्ता परत म्हटला नाहीस, ती तुझी."

"म्हणजे मागून माझे फोन तपासत होतीस?" रेडिओचा आवाज घसरला. "समोर चहा विचारायचीस, आणि मागून हे? त्यापेक्षा भोंगा परवडला. तो निदान तोंडावर तरी बोलायचा."

 ताईने ते तसंच अंगावर घेतलं.

"तुला फोन धरायला कुणी शिकवलं?" तो पुढे म्हणाला. "खुर्ची मिळाली की लोक विसरतात."

"विसरले नाही. परत म्हणून दाखवायचं हे तूच शिकवलंस. तुझ्याइतकं चांगलं ते कुणाला येत नव्हतं, म्हणून तर आता ऐकताना जास्त लागतं." तिने श्वास घेतला. "संध्याकाळच्या कार्यक्रमांबद्दल मी बोलणार नाही, ते तुझं आयुष्य. पण सकाळी तू इथे अर्धाच येतोस. मला सांग, काय चाललंय?"

रेडिओने एक मोडका हेडफोन उचलून परत ठेवला. मग म्हणाला, "काही नाही चाललेलं. घरी सगळे बरे आहेत. कुणी आजारी नाही. तू काहीतरी कारण ऐकायला बसली असशील तर कारण नाही." त्याने हात चेहऱ्यावरून फिरवला. "कंटाळा आलाय, ताई. इथे माणूस जगला तरी कुणी फोन करून सांगत नाही, मेला तर दुसऱ्या दिवशी पेपरात आपलं नाव येतं. तिकडे मी नमस्कार म्हटलं की हजार माणसं वळून बघतात."

हे ऐकून ताईला त्याचा राग आला. खरा राग, कानशिलं तापवणारा. म्हातारीचं अर्धं अंग गेलं आणि याला कंटाळा आलाय. तिच्या जिभेवर एक शब्द आला होता, भोंग्याच्या कोशातला. तो गिळायला तिला वेळ लागला.

"कंटाळा येऊ शकतो," ती शेवटी म्हणाली. "पण कंटाळलेल्या माणसाच्या हातात हा फोन मी देऊ शकत नाही. आजपासून दोन आठवडे तुझ्या प्रत्येक फोनला मी कानाशी असेन, तुला माहीत असताना. चुकलं की त्याच दिवशी सांगेन, इथे, दार लावून. लेखी ताकीद मिळेल, माझ्या सहीची. दोन आठवड्यांनी जमलं नाही तर तुला फोनवरून काढा असं मीच साहेबांना सांगेन. आणि तुला हे कामच नको असेल, तर तसं सांग. मी वाईट मानणार नाही."

"आणि आज साहेब?"

"ते माझ्यावर सोड."

रेडिओ उठला आणि बाहेर गेला. तो जिन्याकडे वळतो की टेबलाकडे, हे दारातून दिसत नव्हतं. ताई स्टुलावर तशीच बसून कानोसा घेत राहिली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला तेव्हा कुठे तिचे खांदे खाली आले.

साहेब आले ते जिन्यापासूनच तापलेले. रात्रपाळीचे लोक भिंतीला टेकून जांभया आवरत उभे होते, सकाळचे टेबलांवर. ताई पुढे झाली. "साहेब, मी त्याच्याशी बोलले आहे. आत बसू या, सगळं सांगते."

"आत कशाला? जे झालंय ते सगळ्यांमुळे झालंय, सगळ्यांना ऐकू दे." साहेब थेट रेडिओच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. "काय हो, आवाजाचे बादशहा. एका म्हातारीला जन्माची पांगळी केलीत. लाज वाटते का थोडी? शेणात माखलेला माणूससुद्धा तुमच्यापेक्षा..."

तेवढ्यात रेडिओच्या टेबलावरचा दिवा लुकलुकायला लागला. बाकीच्या सगळ्या लाइनी अडकलेल्या होत्या. त्याने फोन घेतला. साहेब थांबले नाहीत. उलट, याने पाठ फिरवली म्हणून त्यांचा आवाज आणखी वर गेला. ताईने दुसरा हेडफोन कानाला लावला. पलीकडे एक माणूस बोलत होता, बायकोच्या घशात काहीतरी अडकलंय, ती निळी पडतेय, आणि पत्ता, पत्त्याचा मधला शब्द साहेबांच्या "लायकी" या शब्दाखाली चिरडला गेला. रेडिओचा चेहरा पांढरा पडला.  "परत सांगा," तो म्हणाला. "कोणता चौक?" पुन्हा तो शब्द बुडाला.

ताई साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली. इतकी जवळ, की त्यांना मागे सरकावं लागलं.

"आवाज खाली," ती म्हणाली. "फोन चालू आहे."

तिचा स्वर नेहमीचाच होता. जो ती रोज अनोळखी माणसांशी वापरायची, तोच. पण त्या खोलीत साहेबांशी असं कुणी बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. भिंतीशी टेकलेली माणसं ताठ झाली. साहेबांचं तोंड उघडं राहिलं आणि मग मिटलं.

त्या शांततेत रेडिओचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "बाजारामागचा चौक, पिवळी इमारत, दुसरा मजला. बरोबर? हो म्हणा. गाडी निघाली. आता त्यांच्या मागे उभे राहा. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, तळहाताने जोरात मारा. मी मोजतो." तो मोजत राहिला. खोलीतलं कुणी हललं नाही, साहेबसुद्धा. मग पलीकडून खोकल्याचा, रडण्याचा, खुर्ची पडल्याचा एकत्र आवाज आला, आणि रेडिओने डोळे मिटले.

आतल्या अडगळीत साहेब स्टुलावर बसायला तयार नव्हते.

"सगळ्यांसमोर माझा अपमान केलात."

"सगळ्यांसमोर झालं, ते बरं झालं नाही," ताई म्हणाली. "दुसरा इलाज नव्हता." मग तिने दोन आठवड्यांचं, ताकिदीचं, स्वतःच्या गप्प बसण्याचं, सगळं सांगितलं.

सगळं ऐकून घेऊन साहेब म्हणाले, "आणि ती म्हातारी? तिचं काय? तुमच्या या गोड बोलण्याने तिचा हात हलणार आहे?"

"नाही," ताई म्हणाली. "ओरडूनही हलणार नाही." यापुढे तिच्याकडे काही नव्हतं, आणि तिने असल्याचा आव आणला नाही. साहेब निघून गेले. त्या वर्षी तिच्या नावापुढे "शिस्त लावण्यात कमी पडतात" असा शेरा पडला आणि होणारी बढती लांबली. तिने अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "निदान काय चुकलं ते तरी लिहिलंय."

रेडिओ एका दिवसात सुधारला नाही. पहिले काही दिवस तो फुगून होता, ताईशी कामापुरतं बोलायचा. दुसऱ्या आठवड्यात त्याने पुन्हा एकदा पत्ता अर्धवट घेऊन गाडी सोडायला हात उचलला. ताईने तिथल्या तिथे फोनवर स्वतः विचारून घेतलं, आणि पाळी संपल्यावर त्याला मागच्या खोलीत बोलावलं. "आज हे झालं," ती म्हणाली, आणि काय झालं ते सांगितलं. त्याने सबब दिली नाही. म्हणाला, "काल दोन कार्यक्रम होते." मग स्वतःच म्हणाला, "कामाच्या आदल्या संध्याकाळी घेणार नाही." ते त्याने पाळलं.

एक दिवस तो कुणाला न सांगता त्या लोखंडी जिन्याच्या घरी गेला. ताईला हे नंतर कळलं. सुनेने दार उघडलं, तो कोण ते ऐकलं, आणि हळूच दार लावून घेतलं. रेडिओ जिन्यावर थोडा वेळ थांबला आणि परत आला. "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं," तो ताईला म्हणाला. ताईने त्याची समजूत काढली नाही. नुसती शेजारी बसून राहिली.

पुढे जवळपास वर्षभर त्याने तिथे चोख काम केलं. मग त्याला निवेदनाचीच कायमची नोकरी मिळाली आणि तो गेला. निरोपाला दोन ओळी बोलला, टाळ्या मात्र त्याने वाजवू दिल्या नाहीत.

त्याच्या जागी एक नवी मुलगी आली. हुशार होती, पण फोनवर घाई करायची. पहिल्याच आठवड्यात ताईने तिला मागच्या खोलीत बसवून तिचाच फोन ऐकवला, कुठे घाई झाली ते दाखवलं, आणि उद्या काय वेगळं करायचं ते तिच्याकडूनच वदवून घेतलं. मुलीने मान डोलावली. उठताना म्हणाली, "ताई, तुम्ही ओरडत नाही हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. तरी तुम्ही बोलावलंत की माझ्या पोटात गोळा आला."

"येऊ दे," ताई म्हणाली. "मला अजून येतो."